यांगश्वोचा रात्रीचा नदीवरचा शो: आधी दिवसा नदी बघा, मग तिकीट काढा

प्रश्न थोडक्यात असा आलाय की दिवाळी झाली की नोव्हेंबरमध्ये चीनमधल्या गुइलिन आणि यांगश्वोला चाललोय, सोबत सासू-सासरे (सासूबाईंचे गुडघे दुखतात) आणि नऊ वर्षांचा मुलगा, तिथे ली नदीवर रात्री तो मोठा ओपन एअर शो असतो तो घ्यावा का, चिनीतलं अक्षर कळत नाही तर कंटाळा येईल का, कुठली सीट घ्यावी, पाऊस आला तर काय. मी टूर मॅनेजर म्हणून आपले मराठी ग्रुप घेऊन त्या बाजूला बरीच वर्षं जातेय, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, चहा घेऊन बसा.

घ्या. पण यांगश्वोला पोचल्या पोचल्या त्याच रात्री नको, म्हणजे शक्यतो नकोच. का ते पुढे येतं.

शोचं नाव इम्प्रेशन ल्यू सानज्ये. २००४ पासून चालू आहे. झांग यिमौ, वांग छाओग आणि फान य्वे असे तिघे दिग्दर्शक. झांग यिमौ म्हणजे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचं उद्घाटन ज्याने बसवलं तोच. पण हे नदीवर करायचं डोक्यात आलं ते मेई श्वायुआन नावाच्या ग्वांगशी प्रांतातल्याच निर्मात्याच्या. स्टेज म्हणजे खरी नदी, साधारण दोन किलोमीटरचा पट्टा, आणि मागे चुनखडीचे बारा डोंगर. पडदा नाही, छत नाही, विंगा नाहीत. सहाशेच्या आसपास माणसं काम करतात, त्यातली बरीचशी आजूबाजूच्या गावातली कोळी आणि शेतकरी मंडळी, दिवसा आपलं काम करून रात्री तराफे घेऊन येणारी. आज चीनमध्ये गावोगाव असे खऱ्या डोंगर-पाण्यावर केलेले शो आहेत, लिजियांगला आहे, हांगझोऊच्या तलावावर आहे, वुयी पर्वतात तर प्रेक्षक बसलेलं स्टँडच गोल फिरतं, पण ही सगळी लाट सुरू झाली ती इथून.

आता भाषेचं. ही भीती सगळ्यांनाच असते आणि ती जवळजवळ बिनकामाची आहे, कारण ह्यात सांगण्यासारखी गोष्टच फार थोडी आहे. ल्यू सानज्ये ही झुआंग लोकांची दंतकथेतली गाणारी बाई. झुआंग म्हणजे ग्वांगशीतला मोठा समाज, चीनच्या अल्पसंख्याक समाजांमधला सगळ्यात मोठा. ही पोरगी जागच्या जागी गाणं रचायची, जमीनदाराने तिला गप्प करायला पंडित आणले, पोथ्यांची चळत घेऊन आले ते, आणि ती एकेकाला गाण्यातच निरुत्तर करत गेली. आपल्याकडे तमाशात सवाल-जवाब रंगतो ना, तसंच, फक्त दोन डोंगरांच्या मधून नदीवर. १९६० साली ह्यावर सिनेमा आला, त्याचं शूटिंग ह्याच भागात झालं, आणि त्यातली गाणी चिनी आजी-आजोबांना अजून तोंडपाठ आहेत. तुमच्या शेजारी बसलेल्या काकू पहिल्याच गाण्याला गुणगुणायला लागल्या तर दचकू नका, त्यांना ते लहानपणापासून माहितीये. एवढं सासऱ्यांना आणि मुलाला आदल्या दिवशी जेवताना सांगून ठेवा, बास. शोमध्ये पंडित आणि जमीनदार ओळीने येऊन डायलॉग मारतील असं समजून बसलात तर मात्र हिरमोड होणार. आमच्या ग्रुपमध्ये ज्यांना शो आवडत नाही ते बहुतेक ह्याच कारणाने, पहिली वीस मिनिटं ते “हिरॉईन कुठली?” हेच शोधत असतात.

मग बघायचं काय? मुख्य मुद्दा हाच आहे आणि टूर कंपन्यांच्या कार्यक्रमात नेमका हाच मार खातो. ह्या शोमध्ये जे जे दिसतं ते त्या नदीवर दिवसा असतंच, किंवा काही वर्षांपूर्वीपर्यंत तरी असायचं. तराफे, जाळी, पाणकावळे, म्हशी, काठावर कपडे धुणाऱ्या बाया, चुलीचा धूर, शाळेतून येणारी पोरं. दिग्दर्शकांनी वेगळं काय केलं तर ते अंधारात नेलं आणि त्यातला एकेक तुकडा उजेडात आणला. ज्याने नदी दिवसा बघितली त्याला रात्री तो तुकडा ओळखीचा वाटतो आणि अंगावर येतो, ज्याने नाही बघितली त्याला नुसते लाईट दिसतात.

आता नेहमीचा कार्यक्रम कसा असतो ते सांगते. सकाळी गुइलिनहून क्रूझ, चार-साडेचार तासांचा प्रवास, त्यात जेवण, दुपारी यांगश्वो, मग “मोकळा वेळ” म्हणजे वेस्ट स्ट्रीटवर खरेदी, मग घाईघाईत जेवण, मग शो. क्रूझमध्ये नदी दिसते हे खरं, पण कशी दिसते? अर्धा वेळ काचेच्या आत, पुढे-मागे बोटींची रांग, आणि डेकवर सगळे फोटोसाठी उभे. आणि दिवसभर उन्हात उभं राहून रात्री आठला अंधारात मऊ संगीत सुरू झालं की सासरे दहाव्या मिनिटाला झोपणार, माझं लिहून घ्या.

त्यापेक्षा शिंगपिंगला जा. यांगश्वो तालुक्यातलंच जुनं नदीकाठचं गाव आहे, वीस युआनच्या नोटेच्या मागे जे चित्र आहे ते इथलंच, लोक नोट हातात धरून रांगेत फोटो काढतात, मुलाला हे जाम आवडेल. यांगदी ते शिंगपिंग हा नदीचा सगळ्यात देखणा तुकडा, तिथे तराफ्याने फिरता येतं. तराफे आता बांबूचे राहिले नाहीत, जाड पीव्हीसी पाइपांचे आहेत आणि मोटर लावलेली असते, त्यामुळे आवाज होतो पण पाण्याच्या अगदी जवळ बसता येतं. खरा बांबूचा, काठीने ढकलणारा, शांत तराफा हवा असेल तर तो युलोंग नदीवर, ती ली नदीला मिळणारी छोटी नदी. गुडघेवाल्या माणसांना युलोंगचा तराफा जास्त बरा पडतो, खुर्चीवर बसून राहायचं असतं, फक्त मध्ये मध्ये छोटे बंधारे लागतात तिथे तराफा खाली घसरतो आणि पाय भिजतात, चप्पल हातात घ्या.

तराफ्यावर बसलात की दोन गोष्टी मुद्दाम बघून ठेवा. एक, डोंगर एकामागे एक कसे उभे आहेत ते, पुढचा गडद, त्याच्या मागचा फिकट, त्याच्या मागचा आणखी फिकट. रात्री लाईट नेमके ह्याच थरांवर टाकतात, आधी लांबचा डोंगर उजळतो मग जवळचा, आणि तेव्हा तुम्हाला कळतं की अरे आपण एवढ्या मोठ्या जागेत बसलोय. दुसरं, पाण्यातलं प्रतिबिंब. वारा पडला की ली नदी अगदी गुळगुळीत होते. रात्रीच्या शोमध्ये निम्मी कमाई त्या प्रतिबिंबाची आहे.

शोबद्दल जास्त फोडून सांगणार नाही, पण काय शोधायचं ते सांगते. सगळा कार्यक्रम साधारण एक तास-सव्वा तासाचा, आणि तो रंगांवर बांधलाय: लाल, हिरवा, सोनेरी, निळा, रुपेरी.

लाल येतो तेव्हा नीट बघा. काळोखात तराफ्यांच्या ओळी सरकत येतात, दिसत नाहीत नीट, नुसती हालचाल जाणवते, आणि मग कोळी लांबच लांब लाल कापडं पाण्यातून वर उचलतात, नदीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि ती वर-खाली करत लाटा काढतात. आपल्याला वाटतं ह्यात काय मोठं, कापड तर आहे. पण जरा विचार करा, प्रत्येक माणूस हलत्या तराफ्यावर उभा आहे, पायाखाली वाहतं पाणी, भिजलेलं कापड जड, आणि सगळ्यांचा ठेका एक. मी एकदा बाजूच्या ओळीत बसले होते, तिथून कापडाच्या पाण्यावर आपटण्याचा आवाज ऐकू येत होता, फटाक फटाक, आणि मला तो संगीतापेक्षा जास्त आवडला. गाण्यातला सामना ह्याच भागात येतो, तेव्हा एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे आवाज जातो.

हिरव्यात गावाकडचं रोजचं जगणं आहे, म्हशी, धूर, मुलं, धुणं. इथे काही घडत नाही आणि पोरं कंटाळतात, म्हणून मुलाला म्हशी मोजायला सांगा. सोनेरीमध्ये कोळी कंदील लावून तराफ्यावर येतात, पाणकावळे घेऊन. खऱ्या आयुष्यात ह्या पक्ष्याच्या गळ्याला दोरी बांधायचे म्हणजे मोठा मासा गिळता येत नाही, मग तो मासा कोळी काढून घ्यायचा, लहान मासे पक्ष्याचे. पोट भरायला अशी मासेमारी आता जवळपास कोणी करत नाही, जे उरलंय ते पर्यटकांसाठी, शिंगपिंगला पहाटे पाणकावळ्यांसोबत पोझ देणारे पांढऱ्या दाढीचे आजोबा दिसतील, ते फोटोचे पैसे घेतात, आधी ठरवून घ्या.

निळा भाग प्रेमाचा. पाण्यावर एक चंद्रकोर तरंगत येते, उजळलेली, आणि तिच्यावर एक मुलगी नाचते, त्या कोरीच्या उतारावर तोल सांभाळत. लग्नाआधी मुली नदीत आंघोळ करतात असाही एक तुकडा आहे, ग्रुपमधल्या सासवा-सुनांना ह्याचं फार टेन्शन असतं म्हणून आधीच सांगून टाकते, सगळं लांबून आणि सावल्यांसारखं दिसतं, घरच्यांसोबत बघताना अवघडण्यासारखं काही नाही.

आणि शेवटी रुपेरी. मुलींच्या कपड्यांमध्ये छोटे दिवे बसवलेत, मियाओ आणि तोंग समाजाच्या बायका सणाला चांदीचे दागिने घालतात त्या थाटाचे कपडे. त्या मुली पाण्याच्या पातळीला लावलेल्या अरुंद फळ्यांवरून एका ओळीत चालत येतात, फळी दिसत नाही त्यामुळे पाण्यावरून चालल्यासारखं वाटतं, आणि दिवे एकदम लागतात, एकदम विझतात, मधल्याच चार लागतात, मग लांबवर सगळी ओळ. प्रतिबिंब धरून सगळं डबल. तोंग लोकांचं अनेक आवाजांचं कोरस गाणं आहे, वाद्याशिवाय गातात, २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं ते, त्याचा सूर ह्या शोमध्ये कानावर पडला तर लक्ष द्या, ऐकायला सगळ्यात सुंदर तेच आहे असं माझं मत.

सीटबद्दल. आपल्याला नाटकाची सवय, पहिल्या तीन ओळी मिळाल्या की जिंकलो. इथे उलटा हिशेब आहे. बसायची जागा भातशेतीच्या पायऱ्यांसारखी चढत गेलीये, आणि अगदी खाली पुढे बसलात तर जवळच्या तराफ्यावरच्या माणसाचा चेहरा दिसेल पण कापडाच्या लाटा एकावर एक येऊन नुसती लाल पट्टी दिसणार, आणि रुपेरी भागातली लांब ओळ तर कळतच नाही कुठे संपते. थोडं उंच आणि मधोमध, ही खरी जागा. महागडी तिकिटं मधल्या आणि वरच्या भागात आहेत ती उगाच नाहीत. पण सगळ्यात महाग घ्यायची काही गरज नाही, तिथे टेबल, चहा, फळं असं काय काय असतं, अंधारात फळं खायला कोण जातंय. साधं तिकीट दोनशे युआनच्या आसपास, त्यातच मधल्या बाजूची सीट मिळत असेल तर तीच घ्या, आणि अगदी डाव्या-उजव्या टोकाची मिळत असेल तर एक पायरी वरचं तिकीट काढा. बुक करताना सीटिंग चार्ट मागून घ्या, हॉटेलवाले दाखवतात.

सासूबाईंसाठी: पायऱ्या आहेत, बऱ्याच आहेत, अंधार झाल्यावर कडा दिसत नाहीत. गेट उघडलं की लगेच आत जा, उजेड असताना बसवून टाका. गेटपासून स्टँडपर्यंतही चालायचं आहे, बागेतून रस्ता जातो, तोंग पद्धतीचे लाकडी नगारा-मनोरे आहेत तिथे, बघायला छान, थांबत थांबत जाता येतं. वॉशरूमला आधीच जाऊन या, मध्ये उठून जाणं म्हणजे पंधरा गुडघे ओलांडणं.

पाऊस. इथे सगळ्यांचा गैरसमज आहे की पाऊस आला की शो रद्द. साध्या पावसात शो होतो, कलाकार भिजतात आणि तुम्ही पातळ प्लास्टिकचा रेनकोट घालून बसता, छत्री उघडू देत नाहीत कारण मागच्याला दिसत नाही. आणि खरं सांगू का, रिमझिम पावसातला शो मला कोरड्या रात्रीपेक्षा जास्त आवडतो. धुकं आणि बारीक थेंब असले की लाईटचे झोत हवेतच दिसायला लागतात, डोंगराचा वरचा भाग गायब होतो आणि मधूनच एखादा सुळका बाहेर येतो, जुन्या चिनी शाईच्या चित्रातला असावा तसा. जोरदार पाऊस म्हणजे मात्र वैताग.

खरा धोका पावसाचा नाही, नदीच्या पाण्याचा आहे. एप्रिल ते जून हा तिकडचा मोठ्या पावसाचा काळ, नदी फुगते, गढूळ होते, आणि पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की शो बंद ठेवावा लागतो, कारण निम्मं स्टेज पाण्यावर आहे. आता गंमत बघा, आपल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी नेमकी त्याच काळात. मे मध्ये जाणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते की शो बोनस समजा, त्याच्या भरवशावर ट्रिप बांधू नका. थंडीतही, साधारण चिनी नवीन वर्षाच्या आधीचे काही आठवडे, दुरुस्तीसाठी बंद असतो, नाताळच्या सुट्टीत किंवा जानेवारीत जाणाऱ्यांनी तारखा बघूनच पुढचं ठरवावं. तुमचा नोव्हेंबर एकदम योग्य आहे, पाऊस कमी, आकाश मोकळं, नदी स्वच्छ, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली चिनी राष्ट्रीय सुट्टी संपलेली. त्या आठवड्यात गेलात तर ली नदी दिसणार नाही, फक्त माणसं दिसतील. पाणी थोडं कमी असतं नोव्हेंबरमध्ये, म्हणून क्रूझचा मार्ग कधी कधी छोटा करतात, तराफ्याला काही फरक पडत नाही. रात्री नदीवर गार लागतं, पुण्यातल्या थंडीच्या हिशेबाने नका जाऊ, ओलसर गारठा असतो, सगळ्यांना जॅकेट आणि सासूबाईंना शाल. डास नोव्हेंबरमध्ये कमी, पण ओडोमॉस ठेवा पर्समध्ये.

वेळ: संध्याकाळचा पहिला शो साधारण पावणेआठ-आठच्या सुमारास, गर्दीच्या दिवसात त्याच रात्री दुसराही लावतात. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर पहिलाच. जेवण साडेसहाच्या आत उरकून घ्या. शाकाहारी असाल तर वेस्ट स्ट्रीटवर भारतीय जेवण मिळू शकतं, नाहीतर अंडा-टोमॅटो, टोफू, वांगं, भाज्या, भात असं सांगून करून घेता येतं. गुइलिनच्या त्या प्रसिद्ध राइस नूडल्स दिसायला निरुपद्रवी असतात पण रस्सा बहुतेक हाडांचा असतो, हे लक्षात ठेवा. मासे खाणारे असाल तर बिअर फिश खायलाच हवा, नदीचा मासा टोमॅटो, मिरची आणि बिअर घालून शिजवतात, यांगश्वोची खासियत आहे, पण किंमत वजनावर लावतात, मासा तोलताना समोर उभं राहा.

तिकिटाला पासपोर्टचा नंबर लागतो, प्रत्येकाचा वेगळा, आणि गेटवर मूळ पासपोर्ट बघतात, म्हणून हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवून जाऊ नका. पैसे देण्यासाठी तिकडे अलीपे किंवा वीचॅट ही मोबाईलवरची ॲप चालतात, त्यांना व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येतं, पण वीचॅटवर भारतात बंदी आहे, त्यामुळे ती इथूनच सेट होतील असं धरून चालू नका. व्हॉट्सॲप आणि गूगल तिकडच्या सिमवर चालत नाही, इथूनच इंटरनॅशनल रोमिंग घेतलं तर चालतं, म्हणजे शोनंतर गर्दीत एकमेकांना शोधायला सोपं.

दोन ठिकाणी फसायला होतं. पहिलं, रस्त्यावर कोणीतरी येऊन सांगतो की अर्ध्या पैशात बोटीतून किंवा समोरच्या टेकडीवरून हाच शो दाखवतो. नका जाऊ. कडेने बघितलं की सगळी रचनाच कोसळते, तराफ्यांच्या ओळी तिरक्या दिसतात, आणि अंधारात अनोळखी काठावर सासूबाईंना घेऊन उतरणं म्हणजे कहर. दुसरं म्हणजे नावाचा घोळ. यांगश्वोमध्येच २०१८ पासून दुसरा एक मोठा शो आहे, त्याचं इंग्रजी नाव रोमान्स ऑफ गुइलिन असं काहीसं लावतात, तो बंद थिएटरमध्ये असतो, कसरती, पाण्याचे इफेक्ट, भराभर बदलणारे सीन. वाईट नाही तो, उलट नऊ वर्षांच्या मुलाला कदाचित तोच जास्त आवडेल, आणि नदी फुगलेली असताना किंवा जानेवारीत तोच पर्याय आहे. पण तुम्हाला नदीवरचा हवाय आणि एजंटने हा बुक केला असं होतं, तर तिकिटावरचं नाव हॉटेलच्या रिसेप्शनला दाखवून खात्री करा.

फोनचं काय करायचं ते प्रत्येकाने ठरवावं, पण एक सांगते, मोबाईलमध्ये हा शो येत नाही. कॅमेऱ्याला एकतर लाईट दिसतो नाहीतर डोंगर, दोन्ही एकत्र येत नाहीत, आणि तुम्ही घरी येऊन दाखवणार तो व्हिडिओ म्हणजे काळोखात चार लाल रेघा. रुपेरी भागात एखादा काढा आणि ठेवून द्या. चिनी प्रेक्षक बोलतात, शेंगा खातात, मुलांना हाका मारतात, त्याचा त्रास करून घेऊ नका, नदीकाठी बसलोय असं समजा, जे खरंच आहे. आणि रुपेरी भाग संपायच्या आधीच त्यांचे गाईड झेंडे वर करतात आणि अख्ख्याच्या अख्ख्या ओळी उठून चालायला लागतात, बस गाठायची असते त्यांना. तुम्ही बसून राहा. शेवट बघा, मग दहा-पंधरा मिनिटं तशीच बसा, पायऱ्या रिकाम्या झाल्या की सासूबाईंना हळूहळू उतरवता येतं. बाहेर टॅक्सी लगेच मिळत नाही आणि रस्ता तुंबतो, हॉटेल वेस्ट स्ट्रीटच्या आसपास असेल तर चालत वीस-पंचवीस मिनिटं, ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी परतीची गाडी हॉटेलकडूनच आधी ठरवून ठेवा.

एक आक्षेप नेहमी येतो, ग्रुपमध्ये कोणीतरी वाचून आलेलं असतं: हे सगळं पर्यटकांसाठी केलेलं नाटकी आहे, खरी संस्कृती नाही. अर्धं बरोबर आहे. झुआंग लोकांची गाण्याची जत्रा त्यांच्या पंचांगातल्या तिसऱ्या महिन्याच्या तीजेला भरते, ती खरी, आणि तिथे कोणी लाईट लावत नाही. डोंगरांवर रोज एवढा प्रकाश टाकणं मला स्वतःला फार पटतं असंही नाही. धंद्याचंही सांगायचं तर हा शो चालवणारी कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली होती, शो गर्दीने भरत असतानाच, कारण मालकांची कर्जं दुसरीकडची होती, तेव्हाही शो मात्र बंद पडला नाही. पण मी असे बाकीचे शोही बघितलेत, आणि बऱ्याच ठिकाणी वाटतं की ही मुलं उद्या दुसऱ्या गावात दुसरे कपडे घालून हेच करतील. इथे तराफ्यावरचा माणूस पायाने तराफा वळवतो तेव्हा लगेच कळतं की हा इथलाच, त्याला कोणी डान्स टीचरने शिकवलेलं नाही. तेवढ्यासाठी मला हा शो अजून बघावासा वाटतो.

आता तुमचा कार्यक्रम. यांगश्वोमध्ये दोन रात्री असतील तर पहिल्या दिवशी क्रूझने या, संध्याकाळी नुसतं फिरा, लवकर झोपा. दुसऱ्या दिवशी सकाळी तराफा, दुपारी सगळ्यांनी दोन तास पडा, रात्री शो. एकच रात्र असेल तर क्रूझ सोडा. गुइलिनहून फास्ट ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत-बाहेर यांगश्वो स्टेशनला पोचता, ते स्टेशन मुळात शिंगपिंगजवळ आहे, यांगश्वो शहरापासून तब्बल तीसेक किलोमीटर लांब, लोक ह्याच्यावर वैतागतात पण तुमच्या तर ते पथ्यावरच पडतं. सकाळची ट्रेन, सामान गाडीत, शिंगपिंगला तराफा आणि नोटेचा फोटो, दुपारी यांगश्वोला हॉटेल, झोप, शो. ग्वांगझोऊकडून येत असाल तरी फास्ट ट्रेन थेट ह्याच स्टेशनवर थांबणारी मिळते, ऑक्टोबर २०२५ पासून कोलकात्याहून ग्वांगझोऊला थेट विमानही सुरू झालंय, त्यामुळे मुंबईहून जाणाऱ्यांनी तो रस्ताही बघून ठेवावा. एजंट म्हणेल की क्रूझ पॅकेजमध्येच आहे, काढता येत नाही. काढता येते, जरा जोर लावा, आणि शोच्या मधल्या सीट त्याच फोनवर सांगून टाका, नोव्हेंबरमध्येसुद्धा शनिवारच्या त्या आधी जातात.